घरच्या सर्व्हरापर्यंतची वाट

१९९० सालच्या अखेरीस जिनिव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली यांच्या मेजावर जो काळा नेक्स्ट संगणक चालू असे, तोच जगातील पहिला वेब सर्व्हर होय. आणि हे यंत्र सर्व्हर आहे, ते कोणी बंद करू नये, अशा अर्थाची सूचना लाल शाईने लिहून त्यावर चिकटवलेली होती, हे पुष्कळांना ठाऊक असेल. त्या सूचनेचे मोल केवळ जुन्या स्मृतिचिन्हाचे नाही. एका संशोधकाच्या मेजावरील यंत्र जगातील कोणालाही उत्तर देऊ शकते, त्यासाठी निराळी इमारत, निराळा परवाना किंवा मध्यस्थ कंपनी लागत नाही, कारण जाळ्याला जोडलेल्या प्रत्येक यंत्राला स्वतःचा सर्वमान्य पत्ता असतो आणि ज्याला पत्ता आहे त्याच्याकडे कोणालाही जाता येते, हे इंटरनेटच्या मूळ रचनेचे तत्त्व तिच्यात गृहीत धरलेले होते. आज आपल्या घराघरांत फायबरची तार आली, पूर्वी मोठमोठ्या संस्थांनाही न लाभलेला वेग तिच्यावर मिळू लागला, आणि तरीही घरातल्या संगणकावर ठेवलेले साधे पान शेजारच्या जिल्ह्यातून उघडत नाही, ही तक्रार वाढतच चालली आहे. तिचा तपास कसा करावा आणि तिचे मूळ बहुधा कोठे असते, हे या प्रकरणात पाहावयाचे आहे.

समजा, सांगलीतील एका निवृत्त ग्रंथपालांनी जुन्या मराठी नियतकालिकांची सूची वर्षानुवर्षे परिश्रम करून सिद्ध केली आहे, आणि ती कोणा कंपनीच्या स्वाधीन न करता आपल्याच घरी, तळहाताएवढ्या रास्पबेरी पाय संगणकावर, सर्वांसाठी खुली ठेवावी अशी त्यांची इच्छा आहे. घरातल्या संगणकावर सूची व्यवस्थित उघडते, पण पुण्याहून भाचा फोनवर सांगतो, “मामा, नुसतं गोल फिरतंय हो, आणि शेवटी काय, तर साइटकडून उत्तर आलं नाही म्हणून लिहून येतंय.” अशा वेळी माणूस हाताला येईल ते करू लागतो. सर्व्हरचे सॉफ्टवेअर काढून पुन्हा बसवतो, राउटरच्या पानावरचे दिसेल ते बटण दाबतो, फायरवॉल बंद करून टाकतो. आणि इतके फेरफार केल्यावर मूळचा दोष कोणता व आपण निर्माण केलेला कोणता, हेच कळेनासे होते. सबब पहिला नियम असा की, काहीही बदलण्यापूर्वी भाच्याची विनंती कोठपर्यंत येऊन थांबली ते निश्चित करावे. नावापासून पत्त्यापर्यंत, पत्त्यापासून ब्रॉडबँड कंपनीपर्यंत, कंपनीकडून घरच्या राउटरापर्यंत, राउटरातून यंत्रापर्यंत आणि यंत्रातून सर्व्हरच्या सॉफ्टवेअरपर्यंत अशी तिची वाट आहे; या प्रत्येक टप्प्यावर ती पोचली की नाही याचा पुरावा मिळवता येतो. आणि हा तपास आतून बाहेर करावा, कारण आतले टप्पे आपल्या हातचे असतात.

यंत्रावर सर्व्हर चालू आहे एवढ्याने तो सर्वांचे ऐकतो, असे होत नाही. लिनक्सवर ‘एसएस’ नावाचा आदेश दिला असता कोणता प्रोग्राम कोणत्या पत्त्यावर व कोणत्या पोर्टवर कान लावून बसला आहे, याची यादी मिळते. त्या यादीत पोर्ट ८० च्या आधी १२७.०.०.१ असे दिसले, तर सर्व्हर केवळ त्याच यंत्रावरून आलेल्या विनंत्या घेतो, घरातल्या दुसऱ्या यंत्राच्याही घेत नाही, ०.०.०.० असे दिसले, तर तो यंत्राच्या प्रत्येक आयपीव्ही४ पत्त्यावर ऐकतो. अनेक सॉफ्टवेअरे सुरक्षिततेसाठी मुळात पहिल्या स्थितीत ठेवलेली असतात, म्हणून ज्या यंत्रावर सर्व्हर आहे त्याच यंत्रावर पान उघडून पाहणे ही परीक्षाच नव्हे. ते घरातल्या फोनवरून, १९२.१६८.१.२० असा जो त्या यंत्राचा घरातला पत्ता असेल तो टाकून, उघडून पाहावे. यानंतर त्या यंत्राच्या स्वतःच्या फायरवॉलकडे वळावे. सर्व्हर विंडोजवर असेल तर एक गोष्ट विशेष पाहण्याजोगी आहे: पोर्टला दिलेली मुभा कधी कधी केवळ घरातल्या नेटवर्कपुरती असते, त्यामुळे घरात सर्व सुरळीत आणि बाहेरच्याला मात्र मज्जाव, असा प्रकार होतो.

आता राउटर. या प्रकरणातील मुख्य अडचण येथे सुरू होते, आणि ती नीट समजली नाही तर पुढचे सारे उपाय मंत्र म्हटल्यासारखे यांत्रिक होतात. एखाद्या जुन्या वाड्यात वीस बिऱ्हाडे असावीत, पण टपालखात्याच्या दप्तरी सबंध वाड्याचा एकच पत्ता असावा, आणि देवडीवर बसलेल्या कारकुनाने आतून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पत्रावर वाड्याचा पत्ता घालून कोणते पत्र कोणत्या बिऱ्हाडाचे याची आपल्या वहीत नोंद ठेवावी, म्हणजे उत्तर आले की ती नोंद पाहून ते योग्य दारी पोचवता येते. पण आतून कोणी काही लिहिलेच नसताना बाहेरून अकस्मात एखादे पत्र आले, तर वहीत नोंदच नसल्यामुळे ते कोणाला द्यावे हे कारकुनाला कळण्याचा मार्ग नाही, आणि ते देवडीवरच पडून राहते. राउटर घडोघडी हेच करतो. या व्यवस्थेला नेटवर्क अ‍ॅड्रेस ट्रान्सलेशन, संक्षेपाने नॅट, म्हणतात. तिचे वर्णन केल्ड एगेव्हांग आणि पॉल फ्रान्सिस यांनी मे १९९४ मध्ये प्रसिद्ध केले, तेव्हा पत्त्यांच्या टंचाईवरचा तात्पुरता तोडगा म्हणूनच ते मांडले होते. तात्पुरत्याचे कायम झाले. घरातल्या यंत्रांना १९२.१६८ किंवा १० या अंकांनी सुरू होणारे खाजगी पत्ते मिळतात, तेच पत्ते जगात कोट्यवधी घरांत एकाच वेळी वापरात असतात, आणि बाहेरच्या जगाला त्यांचा काहीही उपयोग नसतो. घरातून बाहेर पाहणे सुकर आणि बाहेरून घरात येणे अशक्य, ही विषमता राउटरचा बिघाड नसून त्याच्या कार्यपद्धतीचा अटळ परिणाम आहे.

पोर्ट फॉरवर्डिंग म्हणजे बाहेरच्या विनंतीसाठी वहीत आगाऊ केलेली कायमची नोंद: पोर्ट ८० किंवा ४४३ वर जे येईल ते १९२.१६८.१.२० कडे पाठवावे. ही नोंद करताना दोन चुका वारंवार होतात. पहिली अशी की, घरातले पत्ते राउटर स्वतः मुदतीने वाटतो आणि मुदत संपल्यावर किंवा वीज जाऊन आल्यावर तेच यंत्र १.२० ऐवजी १.२३ वर जाऊ शकते. मग आलेल्या विनंत्या टीव्हीकडे जातात किंवा कोणाकडेच न जाता वाया जातात. यावर उपाय म्हणजे त्या यंत्रासाठी पत्ता राखून ठेवणे, आणि ती सोय बहुतेक राउटरांत असते. दुसरी चूक अशी की, कंपनीने बसवलेला फायबरचा डबा स्वतःच राउटर असतो, आणि हौशी माणूस त्याच्यामागे आपला चांगला राउटर जोडतो. म्हणजे एकामागे एक दोन नॅट होतात आणि नोंद मात्र आतल्या एकातच केलेली असते. आपल्या राउटरच्या स्थितीदर्शक पानावर बाहेरच्या बाजूचा पत्ता पाहावा. तोही १९२.१६८ ने सुरू होत असेल, तर वाटेत आणखी एक राउटर आहे हे सिद्ध झाले. मग कंपनीला सांगून तिचा डबा ब्रिज मोडमध्ये करून घ्यावा, किंवा दोन्हीकडे नोंद करावी.

एवढे झाल्यावर परीक्षा बाहेरूनच घ्यावी. आपल्या घरात बसून, घरच्याच वायफायवरून, आपला सार्वजनिक पत्ता ब्राउझरमध्ये टाकून पाहणाऱ्याची फसगत होते. कारण आतून निघून आपल्याच बाहेरच्या पत्त्याकडे जाणारी विनंती वळवून पुन्हा आत आणणे काही राउटरांना येते, काहींना येत नाही. ज्याला येत नाही तो कधी गप्प बसतो, कधी स्वतःचेच लॉगिनचे पान पुढे करतो, आणि ते पाहून सूची गेली कोठे म्हणून ग्रंथपाल गोंधळात पडतात, तेव्हा पुण्यात ती कदाचित सुरळीत उघडतही असते. फोनचे वायफाय बंद करून मोबाइल डेटावरून पाहणे ही सर्वांत सोपी परीक्षा होय. पिंगचा आधार मात्र घेऊ नये. पिंगला उत्तर देतो तो बहुधा राउटर, सर्व्हर नव्हे. आणि कित्येक राउटर पिंगला मुद्दामच उत्तर देत नाहीत.

बाहेरून मिळणाऱ्या अपयशाचेही प्रकार आहेत, आणि ते वेगळे ओळखणे यातच तपासाचे मर्म आहे. जोडणी तत्काळ नाकारली गेली, तर विनंती कोणत्या ना कोणत्या जिवंत यंत्रापर्यंत पोचली आणि तेथे त्या पोर्टवर ऐकणारे कोणी नाही, असा अर्थ निघतो. ते यंत्र आपलेच असेल असे नाही, चुकीच्या नोंदीमुळे तो टीव्हीही असू शकेल, पण वाट तेथपर्यंत खुली आहे. उलट, भाच्याप्रमाणे दीर्घ प्रतीक्षा आणि शेवटी मौन, हे वाटेत कोठेतरी विनंती निमूटपणे टाकून दिली गेल्याचे लक्षण आहे. नकार पत्करावा, पण मौन संशयास्पद मानावे, असे मी म्हणेन. कारण नकार देणाऱ्याचा ठावठिकाणा लवकर लागतो.

मौनाचा छडा लावण्यासाठी टीसीपीडम्प नावाचे साधन आहे. १९८८ च्या सुमारास कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत व्हॅन जेकबसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ते तयार केले, आणि इतक्या वर्षांनंतरही त्याची उपयुक्तता कमी झालेली नाही. सांगलीच्या यंत्रावर ते पोर्ट ८० साठी चालू करावे आणि मामांनी भाच्याला सांगावे, “आता उघड बघू.” पडद्यावर एक ओळ उमटते: आधी क्षणापर्यंतची वेळ, मग भाच्याच्या फोनचा बाहेरचा पत्ता, मग बाणाचे चिन्ह, मग आपल्या यंत्राचा पत्ता व पोर्ट, आणि पुढे चौकटी कंसात ‘एस’ हे अक्षर. हा ‘एस’ म्हणजे जोडणीची पहिली मागणी. तिला सर्व्हरने दिलेली संमती पुढच्या ओळीत ‘एस’ आणि टिंब अशी दिसते, आणि तिसऱ्या ओळीत पलीकडून केवळ टिंब आले की जोडणी पूर्ण झाली. या तीन ओळींवरून दोष कोणाचा ते ठरते. ‘एस’ आलाच नाही, तर दोष आपल्या यंत्रात मुळीच नाही. तो राउटरमध्ये किंवा त्याच्याही पलीकडे आहे, आणि सॉफ्टवेअर पुन्हा बसवण्याचा खटाटोप व्यर्थ आहे. ‘एस’ आला, सुमारे एका सेकंदाने पुन्हा आला, त्यानंतर दोन सेकंदांनी पुन्हा, मग चार सेकंदांनी पुन्हा, आणि आपल्याकडून काहीच गेले नाही, तर आपल्याच यंत्राची फायरवॉल त्याला गिळते आहे. आणि ‘एस’ आला, संमतीही गेली, पण तिसरी ओळ आलीच नाही, तर उत्तर परतीच्या वाटेवर हरवते आहे. हा शेवटचा प्रकार कमी आढळतो, परंतु यंत्रावर व्हीपीएन चालू असेल आणि त्यामुळे उत्तर आल्या वाटेने न जाता भलत्याच वाटेने जात असेल, तर नेमका हाच देखावा दिसतो.

आपल्या ग्रंथपालांच्या बाबतीत समजा, ‘एस’ येतच नाही. राउटरातली नोंद बिनचूक आहे, यंत्राचा पत्ता राखलेला आहे, दुसरा राउटर मध्ये नाही. तेव्हा शेवटची तुलना करावी. राउटरच्या पानावर दिसणारा बाहेरचा पत्ता एका कागदावर लिहावा, आणि आपला सार्वजनिक पत्ता दाखवणारी जी संकेतस्थळे असतात त्यांतील एखाद्यावर जाऊन तेथे दिसणारा पत्ता त्याखाली लिहावा. दोन्ही एक असतील तर वाट आपल्या दारापर्यंत आहे. भिन्न असतील, आणि विशेषतः राउटरवरचा पत्ता १०० ने सुरू होऊन पुढचा अंक ६४ ते १२७ यांच्या दरम्यान असेल, तर निदान झाले: ज्या पत्त्याला आपण आपला समजत होतो तो आपला नाहीच, तो कंपनीच्या मोठ्या नॅटचा असून आपल्यासारख्या अनेक ग्राहकांत वाटलेला आहे. तेथल्या वहीत कायमची नोंद करण्याचा अधिकार आपल्याला नाही. हा १०० चा पट्टा एप्रिल २०१२ मध्ये याच कामासाठी अधिकृतपणे राखून ठेवण्यात आला, त्यामुळे त्याचा पुरावा निर्णायक आहे. काही कंपन्या १० ने सुरू होणारे पत्तेही देतात. वाटेवरचे टप्पे दाखवणाऱ्या ट्रेसरूटमध्ये दुसऱ्या-तिसऱ्या टप्प्यावर असा पत्ता दिसला म्हणून मात्र लगेच निष्कर्ष काढू नये, कारण ज्यांना खरा सार्वजनिक पत्ता मिळालेला आहे त्यांच्याही वाटेवरील कंपनीची अंतर्गत यंत्रे खाजगी पत्त्यांवर चालू असू शकतात.

हे असे का व्हावे? सप्टेंबर १९८१ मध्ये निश्चित झालेल्या आयपीव्ही४ या संकेतात पत्ता ३२ बिटांचा ठरला, म्हणजे एकूण पत्ते ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९६, आणि त्यांतलेही काही राखीव. प्रारंभीच्या काळात ते सढळ हाताने वाटले गेले. अमेरिकेतील एमआयटी या एका विद्यापीठाकडे दीर्घकाळ एक कोटी ६७ लाखांहून अधिक पत्ते होते. भारतात विदेश संचार निगमने सामान्य नागरिकांसाठी इंटरनेट खुले केले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, जेव्हा वाटपाचा तो उदार काळ सरला होता. ३ फेब्रुवारी २०११ रोजी जागतिक साठ्यातील शेवटचे मोठे गट पाच विभागीय संस्थांना देऊन टाकण्यात आले, आणि त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये आशिया-पॅसिफिक विभागाचा साठा अखेरच्या राखीव गटावर येऊन थांबला. ज्या देशांत ग्राहकांची खरी वाढ त्यानंतर व्हावयाची होती, त्यांच्या वाट्याला टंचाई आली, आणि सांगलीच्या घरावरचा सामाईक पत्ता हे त्या इतिहासाचे थेट फळ आहे. कंपनीच्या तक्रारकक्षातील माणूस “तुमचं कनेक्शन चालू आहे, साहेब” असे सांगतो तेव्हा तो खोटे बोलत नसतो. बाहेर जाण्यापुरते ते चालूच असते. परंतु घराला केवळ विचारता यावे आणि उत्तर देता येऊ नये, ही स्थिती योग्य मानून स्वस्थ बसावे असे मला वाटत नाही. इंटरनेटची जोडणी विकत घेणाऱ्याला आपल्या माथ्यावर सामाईक पत्ता आहे की स्वतंत्र, हे करार करतानाच स्पष्ट शब्दांत कळले पाहिजे.

उपाय आहेत. कंपनीकडे स्टॅटिक आयपी मागावा. अनेक कंपन्या दरमहा किंवा वार्षिक आकार घेऊन तो देतात, आणि एवढ्याने बहुतेकांचा प्रश्न मिटतो. मागताना पोर्ट ८० व ४४३ बाहेरून येण्यास मोकळे आहेत का हेही विचारून घ्यावे, कारण घरगुती जोडणीवर काही पोर्ट अडवण्याची वहिवाट काही ठिकाणी आहे. दुसरा मार्ग आयपीव्ही६ चा. त्यात पत्ता १२८ बिटांचा असल्यामुळे टंचाईचा प्रश्नच उरत नाही, घरातल्या प्रत्येक यंत्राला सर्वत्र चालणारा स्वतंत्र पत्ता मिळू शकतो, आणि भारतात मोबाइल सेवांमुळे त्याचा प्रसार पुष्कळ झालेला आहे. येथे पोर्ट फॉरवर्डिंग लागत नाही. राउटरच्या आयपीव्ही६ फायरवॉलमध्ये त्या यंत्रापुरती मुभा द्यावी लागते, आणि कंपनीने दिलेल्या काही डब्यांत ही मुभा देण्याची जागाच सापडत नाही. शिवाय भाचा ज्या कचेरीत बसतो तेथे केवळ आयपीव्ही४ असेल, तर त्याला सूची दिसणार नाही. म्हणून तिसरा मार्ग ध्यानात ठेवावा: बाहेर कोठेतरी सार्वजनिक पत्ता असलेला छोटा भाड्याचा सर्व्हर घ्यावा, आणि घरच्या यंत्राने वायरगार्डसारख्या साधनाने त्याच्याशी आतून टनेल जोडून ठेवावे. जोडणी आतून सुरू झालेली असल्यामुळे मधल्या साऱ्या नॅटना ती मान्य असते. मात्र काही काळ संदेश गेला नाही तर नॅटमधली नोंद पुसली जाते, म्हणून दर २५ सेकंदांनी एक लहानसा संदेश पाठवत राहण्याची सोय वायरगार्डमध्ये आहे आणि ती येथे चालू करावीच लागते. हीच सेवा आयती देणाऱ्या कंपन्याही आहेत, पण मग वाचकाची प्रत्येक विनंती त्यांच्या हातून जाते, हे जाणून निर्णय घ्यावा.

नावाच्या बाबतीत थोडक्यात सांगण्याजोगे एवढेच. पत्ता बदलता असेल तर डायनॅमिक डीएनएसने नावापुढचा पत्ता आपोआप बदलत ठेवता येतो. पण डोमेनच्या नोंदीत जुना, मेलेला आयपीव्ही६ पत्ता राहून गेला असेल, तर काहींना पान लगेच दिसते, काहींना अडखळत दिसते आणि काहींना मुळीच दिसत नाही. दोष माणसागणिक बदलतो अशी तक्रार आली की प्रथम ही नोंद तपासावी. लेट्स एन्क्रिप्टचे प्रमाणपत्र नेहमीच्या पद्धतीने घेताना त्यांचे यंत्र बाहेरून पोर्ट ८० वर येऊन खातरजमा करते, म्हणून वाट मोकळी होण्यापूर्वी प्रमाणपत्राच्या मागे लागू नये. घाई असेल तर डीएनएसमधील नोंदीने खातरजमा करण्याची पद्धत वापरावी.

वाट मोकळी झाली की सर्व्हरच्या लॉगमध्ये भाच्याबरोबर अनोळखी पत्तेही लवकरच दिसू लागतात: कोणी सूचीच्या सॉफ्टवेअरात नसलेलीच लॉगिनची पाने मागतो, कोणी पासवर्डांच्या फायली धुंडाळतो. ही आपल्यावर धरलेली पाळत नव्हे, पत्त्यांचा सबंध पट्टा यंत्राकडून चाळला जात असतो. तथापि जुने सॉफ्टवेअर त्यात सापडले तर हानी खरीच होते. तपासाच्या वेळी बंद केलेली फायरवॉल आठवणीने पुन्हा चालू करावी, ८० आणि ४४३ खेरीज दुसरे पोर्ट फॉरवर्ड करू नयेत, यंत्राची देखभाल करण्याचा पोर्ट २२ केवळ घरातून किंवा टनेलमधून खुला ठेवावा, सॉफ्टवेअरचे अद्यतन वेळच्या वेळी करावे, आणि सूचीची एक प्रत या यंत्राशी न जोडलेल्या डिस्कवर काढून ठेवावी.